स्कूटर, जुनी : पुनरुज्जीवन व दोषनिदान

दीर्घकाळ वापरात नसलेली किंवा उत्पादन बंद झालेली स्कूटर पुन्हा धावण्याजोगी व शक्यतो तिच्या मूळ रूपात आणण्याच्या कामास स्कूटरचे पुनरुज्जीवन म्हणता येईल. साध्या दुरुस्तीहून हे काम वेगळे आहे. दुरुस्तीत बिघडलेला भाग बदलून वाहन रस्त्यावर आणणे एवढाच हेतू असतो. पुनरुज्जीवनात कोणता भाग बदलावयाचा नाही, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा असतो. नवीन रंग, नवीन आरसे व चकचकीत मुलामा यांनी स्कूटर नवी दिसते. परंतु घासून गेलेला सांगाडा-क्रमांक, चुकीच्या हत्याराने फुटलेली क्रँकपेटी किंवा अदलाबदल झालेले एंजिन पुन्हा पूर्ववत करता येत नाही. म्हणून या कामात उलगडण्याच्या आधी निदान आणि निदानाच्या आधी नोंद, हा क्रम पाळावा लागतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे व्हेस्पा घराण्यातील, म्हणजे महाराष्ट्रातील घराघरांच्या जिन्याखाली व पडवीत आजही आढळणाऱ्या स्कूटरींचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतील प्याज्जो कंपनीसाठी कोर्रादीनो दास्कान्यो या विमानविद्येतील अभियंत्याने व्हेस्पा स्कूटरचा आराखडा केला व एप्रिल १९४६ मध्ये तिच्या एकस्वासाठी अर्ज करण्यात आला. पुढच्याच वर्षी मिलान येथील इनोचेंती कंपनीची लँब्रेटा बाजारात आली. व्हेस्पाचे अंग दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याचे, तर लँब्रेटाचा सांगाडा नळीचा. हा भेद पुढे पुनरुज्जीवनाच्या कामात फार जाणवतो. भारतात लँब्रेटाची जुळणी मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने केली. बजाज समूहाने प्रथम आयात केलेल्या स्कूटरी विकल्या आणि १९५९ मध्ये शासनाचा उत्पादन-परवाना मिळाल्यावर प्याज्जोच्या सहकार्याने त्या पुण्याजवळ आकुर्डी येथे बनविण्यास प्रारंभ केला. हा सहकार्य-करार १९७१ मध्ये संपला व पाठोपाठ चेतक हे नाव पुढे आले. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ व बजाज ऑटो यांच्या संयुक्त भांडवलातून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली व तिच्या सातारा येथील कारखान्यात प्रिया ही स्कूटर तयार होऊ लागली. त्या काळात नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहिल्यावर स्कूटर हाती येई. साहजिकच ती कुटुंबातील एखाद्या सदस्यासारखी सांभाळली जाई आणि निकामी झाल्यावरही सहसा भंगारात जात नसे. चालण्यायोग्य अशा इतक्या जुन्या स्कूटरी आज मिळतात, याचे हेही एक कारण आहे. बजाज ऑटोने २००९ मध्ये स्कूटर-उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले. २०२० पासून चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला देण्यात आले असून तिचा जुन्या यंत्राशी नावापुरताच संबंध आहे.

रचना : या स्कूटरीचे अंग म्हणजेच तिचा सांगाडा होय. एंजिन, क्लच, दंतचक्रपेटी व मागचे चाक हे सर्व मिळून एकच जुडगा असतो. तो पुढच्या बाजूस रबरी वेष्टणात बसविलेल्या आडव्या बोल्टभोवती वरखाली हलतो. साखळी नसते, मागचे चाक दंतचक्रपेटीतून बाहेर आलेल्या दंडावर थेट बसते. एंजिन दोन-धावी जातीचे, हवेने थंड होणारे व उजव्या अंगास असते. चेतकच्या एंजिनाच्या सिलिंडराचा व्यास व धावेची लांबी ही दोन्ही ५७ मिमी. असून घनफळ १४५·४५ घ. सेंमी. आहे.

दोन-धावी एंजिनाला झडपांची दांडी, स्प्रिंग इ. काही नसते. दट्ट्या म्हणजे पिस्टन वर जाताना त्याच्या वरच्या बाजूस मिश्रण दाबले जाते व त्याच वेळी खालच्या बंद क्रँकपेटीत पेट्रोल-हवेचे ताजे मिश्रण ओढले जाते. तो खाली येताना हे ताजे मिश्रण बाजूच्या द्वारांतून वर ढकलले जाते व जळलेले वायू निष्कास द्वारातून बाहेर पडतात. म्हणजे क्रँकपेटी ही येथे केवळ दंड ठेवण्याची पेटी नसून एक पंप आहे. ती हवाबंद नसेल, तर एंजिन नीट चालत नाही. बहुतेक बिघाडांचे मूळ या एका गोष्टीत शोधता येते; चार-धावी एंजिनावर हात बसलेल्या कारागिराच्या नेमके तेच ध्यानात येत नाही.

व्हेस्पा घराण्यातील बहुतेक नमुन्यांत मिश्रण आत घेण्याची उघडझाप भुजादंडाची म्हणजेच क्रँकची फिरती चकती करते. चकतीची कड क्रँकपेटीतील तासलेल्या पृष्ठाला अगदी लगटून फिरते, दोहोंत मिमी.च्या काही शतांशांएवढीच फट असते. या फटीत वाळूचा कण किंवा तुटलेल्या धारव्याची कपची गेली की पृष्ठावर चरे पडतात. दट्ट्या बदलता येतो, सिलिंडर मोठा करता येतो, परंतु हे पृष्ठ बदलता येत नाही. ते क्रँकपेटीचाच भाग आहे आणि क्रँकपेटीवर एंजिनाचा क्रमांक ठोकलेला असतो. कार्बुरेटर काढल्यावर उघडे पडणारे क्रँकपेटीचे तोंड ताबडतोब स्वच्छ फडक्याने झाकावे, असे जुने कारागीर बजावून सांगत, ते यासाठीच.

आरंभीची नोंद : वाहनाचे नोंदणीपुस्तक, सांगाडा-क्रमांक व एंजिन-क्रमांक हे तिन्ही परस्परांशी जुळतात काय, हे पहिल्याच दिवशी पाहावे. क्रमांक तेलकट थराखाली असल्यास फडके व रॉकेल वापरून उघडे करावेत. पोलिस-कागदाने घासू नयेत. त्यानंतर सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. केबली कोणत्या बाजूने व कशाखालून जातात, वॉशर किती आणि कोणत्या क्रमाने आहेत, हे काढतानाच टिपून ठेवावे. स्क्रू-नटांसाठी जुन्या डब्यांचा संच व प्रत्येकावर चिठ्ठी एवढी व्यवस्था पुरे. स्मरणशक्तीवर विसंबून सुरू केलेले काम सहसा पोत्यात भरलेल्या सुट्या भागांच्या रूपात दुसऱ्यास विकले जाते.

वर्षानुवर्षे उभी असलेली स्कूटर आणल्याबरोबर किक मारून पाहण्याचा मोह टाळावा. सिलिंडराच्या भिंतीवर गंज असेल, तर त्यावरून दट्ट्याची कडी फरफटत जाऊन न पडलेले चरे पडतात. प्रथम स्पार्क प्लग काढून त्या छिद्रातून चमचाभर तेल सोडावे, एक रात्र जाऊ द्यावी व नंतर प्लगाविना किक हाताने हळूहळू दाबावी. एंजिन मुळीच हलत नसेल, तर किकवर उभे राहू नये. किकचे दाते मोडतात आणि अडचण दुप्पट होते. दंतचक्रपेटीतील तेल काढून पांढऱ्या बशीत पाहावे. ते दुधट असेल तर आत पाणी गेले आहे. त्यात चमकणारे कण असतील तर धारवे वा दंतचक्रे झिजली आहेत. त्याला पेट्रोलचा वास येत असेल तर क्रँकपेटी व क्लच यांमधील ऑइल सील गेले आहे. एंजिन न खोलता मिळणारी इतकी माहिती क्वचितच दुसरीकडे मिळते.

दोषनिदान : एंजिन सुरू होण्यास ठिणगी, मिश्रण व दाब या तीन गोष्टी योग्य वेळी एकत्र याव्या लागतात. यांपैकी कोणती नाही, हे ठरविल्याविना कोणताही भाग बदलणे म्हणजे अंदाजाने औषध देण्यासारखे आहे.

ठिणगीसाठी प्लग काढून त्याच्या टोपीत बसवावा, त्याचे धातूचे अंग सिलिंडराच्या शिरास टेकवावे व प्लगाच्या छिद्रापासून दूर धरून किक मारावी. छिद्रातून उडणारी पेट्रोलची वाफ पेट घेऊ शकते. ठसठशीत निळसर ठिणगी योग्य समजावी. पिवळी, बारीक किंवा अधूनमधून पडणारी ठिणगी असेल, तर आधी प्लग बदलून पाहावा. त्याने फरक पडला नाही, तर एंजिन बंद करण्याच्या बटणाकडे जाणारी तार सोडवून पुन्हा पाहावे. या तारेचे आवरण हँडलाच्या नळीत विरून ती पत्र्याला टेकते व ठिणगी नाहीशी होते. मॅग्नेटो उघडून सर्व भाग बदलल्यावर शेवटी दोष या तारेत सापडतो, असे वारंवार घडते. त्यानंतरच पंख्याच्या चक्राखालील पॉइंट पाहावेत. त्यांची फट नमुन्यानुसार ०·३ ते ०·५ मिमी. व प्लगाची फट सु. ०·६ मिमी. असते. पॉइंटच्या टोकांवर खळगा व उंचवटा पडला असेल, तर कंडेन्सरचा संशय घ्यावा. चक्र काढण्यासाठी त्याचे स्वतंत्र ओढहत्यार मिळते. ते न वापरता हातोडीचे ठोके देऊन चक्र काढल्यास क्रँक वाकडा होतो. चक्र जागेवर बसविताना अर्धचंद्राकृती चावी खाचेत आहे याची खात्री करावी. ती कापली गेली तर ठिणगी पडते, पण भलत्याच क्षणी पडते आणि किक उलटा झटका देते.

मिश्रणाच्या बाजूने पाहता, पुष्कळ किका मारूनही प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचत नाही आणि ओलाचिंब असेल तर अति पोहोचते. साठून राहिलेले पेट्रोल उडून जाताना मागे डिंकासारखा थर ठेवते व त्याने कार्बुरेटरच्या जेटची बारीक छिद्रे बुजतात. ती फुंकून किंवा ब्रशच्या नायलॉनच्या केसाने साफ करावीत. तारेने टोचल्यास छिद्र मोठे होते व मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते.

येथे स्कूटर एका अंगावर तिरपी करून मग किक मारण्याच्या प्रसिद्ध रिवाजाचा उल्लेख करणे योग्य ठरेल. हा रिवाज इतका रुळला होता की, तो स्कूटर सुरू करण्याच्या विधीचाच भाग आहे असे अनेकांना वाटे. पेट्रोल टाकीतून केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरते. तिरपे केल्याने टाकीतील थोडे पेट्रोल नळाच्या तोंडाकडे सरकते. तसेच कार्बुरेटरमधील फ्लोट हलून पेट्रोलची पातळी क्षणभर वाढते व मिश्रण समृद्ध होते. थंड एंजिनास हेच हवे असते. पण त्यासाठी चोकची व्यवस्था मुळातच केलेली असते. तिरपी केल्याखेरीज सुरू न होणाऱ्या स्कूटरीत चोकची केबल तुटलेली आहे, नळात कचरा आहे किंवा फ्लोटची सुई चिकटत आहे, असे समजावे. लक्षणाचीच सवय झाल्यावर दोष शोधण्याचे कारण उरत नाही.

दाब तपासण्यास हाताचा अंदाज पुरतो. किक हाताने दाबताना ठरावीक जागी घट्ट अडथळा जाणवला पाहिजे. तो नसेल तर दट्ट्याच्या कड्या, सिलिंडर किंवा शिराचा सांधा यांत दोष आहे.

गरम झाल्यावर बंद पडणे : सर्वाधिक फसविणारा बिघाड हा आहे. स्कूटर सकाळी पहिल्या किकेस सुरू होते, पाच-सात किमी. जाते, बंद पडते. रस्त्याकडेला अर्धा तास उभी केली की काही झालेच नाही अशा रीतीने पुन्हा सुरू होते. घरी आणून तपासावी तर सर्व ठीक. याची निदान तीन वेगवेगळी कारणे संभवतात आणि ती ओळखण्याची वेळ एकच, बंद पडल्यानंतरची दोन मिनिटे. त्या वेळी प्रथम टाकीचे झाकण उघडावे. हवा आत शिरल्याचा सूं असा आवाज आला व एंजिन लगेच सुरू झाले, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे. टाकीत पोकळी निर्माण होऊन पेट्रोल उतरत नव्हते. आवाज आला नाही तर लगेच ठिणगी पाहावी. गरम असताना ठिणगी नाही व थंड झाल्यावर आहे, असे आढळल्यास कंडेन्सर किंवा प्रज्वलन-वेटोळे दोषी होय. उष्णतेने वेटोळ्यातील तारेचे आवरण निकामी होते व निवल्यावर ते पुन्हा काम देते. ठिणगी आहे, पेट्रोलही आहे, पण बंद पडताना एंजिन जणू ब्रेक लागल्यासारखे आखडले असेल, तर दट्ट्या फुगून सिलिंडरात धरला गेला आहे. या तिसऱ्या बाबतीत निवल्यावर स्कूटर सुरू होते म्हणून पुढे जाणे धोक्याचे आहे. पुढच्या वेळी मागचे चाक धावत्या स्थितीत एकाएकी अडकू शकते. असा झटका जाणवताच क्लच दाबणे, ही जुन्या चालकांची प्रतिक्षिप्त क्रियाच असे.

हवेची गळती : क्रँकच्या दोन्ही टोकांस रबरी ऑइल सीले असतात. वापराविना ती कडक होतात व चिरतात. दोन सीलांची लक्षणे भिन्न आहेत. क्लचकडील सील गेल्यास दंतचक्रपेटीतील तेल क्रँकपेटीत ओढले जाऊन जळते. मागे दाट पांढुरका धूर निघतो, प्लग वरचेवर ओला-काळा होतो व पेटीतील तेल बाहेर कोठेही न सांडता कमी होत जाते. मॅग्नेटोकडील सील गेल्यास तेथून हवा आत शिरते व मिश्रण विरल होते. मूठ सोडली तरी एंजिन खाली येत नाही, आपोआप भरधाव होते, प्लगाचे टोक पांढरट पडते. विरल मिश्रण अधिक तापते आणि पेट्रोलबरोबर येणारे वंगणही त्यात कमी असते; म्हणून या दोषाची परिणती दट्ट्या अडकण्यात होते. पुष्कळदा अशा वेळी कार्बुरेटरचे स्क्रू फिरवून चाल बसविण्याचा प्रयत्न केला जातो व गळती झाकली जाते. सील किमतीने क्षुल्लक असते, परंतु क्लचकडील सील बदलण्यास सर्वसाधारणपणे संपूर्ण एंजिन उलगडावे लागते. म्हणून एंजिन कोणत्याही कारणाने उघडले, तर दोन्ही सीले बदलूनच ते मिटवावे.

प्लगाचा रंग हा चालत्या एंजिनाचा सर्वांत स्वस्त साक्षीदार होय. तांबूस तपकिरी रंग योग्य, काळा व ओला रंग समृद्ध मिश्रणाचा वा अधिक तेलाचा, पांढरा रंग विरल मिश्रणाचा. मात्र तो काही किमी. नेहमीच्या वेगाने चालवून, एकदम बंद करून पाहावा लागतो.

पेट्रोल व तेल : क्रँक, धारवे व दट्ट्या यांना स्वतंत्र वंगण नसते, पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच ते काम करते. अगदी जुन्या नमुन्यांस ५%, तर फिरत्या चकतीच्या नंतरच्या व्हेस्पांस २% तेल पुरे होते. त्या त्या नमुन्याच्या पुस्तिकेतील आकडा प्रमाण मानावा. २% म्हणजे लिटरला २० मिलि. असा हिशेब आहे. अधिक तेल घातल्याने एंजिन अधिक सुरक्षित राहते, ही समजूत बरोबर नाही : तेल वाढले की त्याच मिश्रणात पेट्रोल तेवढे कमी होते, जेटमधून जाणारे इंधन घटते व प्रमाणाबाहेर गेल्यास मिश्रण विरलच होते, शिवाय सायलेन्सरमध्ये काजळी साठते. काजळीने कोंडलेल्या सायलेन्सरची स्कूटर सुरू होते, परंतु चढावर दम टाकते. पूर्वी असा सायलेन्सर भट्टीत भाजून आतली काजळी जाळून टाकीत; तो उपाय आजही चालतो.

भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये बंद झाली. जुन्या वाहनांस त्यामुळे अपाय होतो अशी भीती व्यक्त होते. ती झडपांच्या बैठकी असलेल्या जुन्या चार-धावी एंजिनांपुरती खरी आहे, दोन-धावी स्कूटरीस तिचा संबंध नाही. इथेनॉलचे मात्र तसे नाही. २०२३ पासून २०% इथेनॉल मिसळलेले पेट्रोल भारतात टप्प्याटप्प्याने सर्वत्र आले. इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते, जुन्या रबरी नळ्या व वॉशर फुगवते आणि टाकीच्या तळाशी पाणी साठून गंज चढतो. म्हणून रबरी भाग इथेनॉल सोसणारे घ्यावेत आणि पावसाळ्यात वा इतर वेळी महिनोन्‌महिने स्कूटर उभी राहणार असेल, तर टाकी व कार्बुरेटर रिकामे करून ठेवावे.

टाकीतील गंज काढण्यास लिंबूसत्त्वाचे, म्हणजे स्वयंपाकघरातील लिंबूफुलाचे, कोमट द्रावण एक-दोन दिवस भरून ठेवणे हा घरगुती उपाय पुरेसा प्रभावी आहे. नंतर ती धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन तत्काळ कोरडी करावी व आतून तेलाचा हात द्यावा. रिकामी दिसणारी टाकी पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते. तिला घरी झाळ लावू नये. देवघरातील निरांजन किंवा शेजारच्या खोलीतील गॅसची शेगडीही या वाफेस पुरते. हे काम उघड्यावर करावे. एंजिनही बंद खोलीत चालवून पाहू नये, कारण निष्कास वायूंतील कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो.

सिलिंडर व दट्ट्या : झिजलेला सिलिंडर कातून मोठा करतात व त्या मापाचा दट्ट्या बसवितात. व्हेस्पाच्या ५७ मिमी. सिलिंडरासाठी ०·२ मिमी.च्या पायऱ्यांनी ५७·२, ५७·४, ५७·६ असे दट्टे मिळतात. पायऱ्या मोजक्या असल्याने प्रत्येक कातणे म्हणजे सिलिंडराच्या आयुष्याचा एक भाग खर्च करणे होय. केवळ आवाज येतो म्हणून ते करू नये. आधी दट्ट्या घ्यावा व त्याच्या प्रत्यक्ष मापानुसार लेथवाल्याकडून सिलिंडर कातून घ्यावा. दट्ट्याच्या माथ्यावरील बाण निष्कास द्वाराकडे असावा. कड्यांची टोके खाचेतील बारीक खिळ्यांशी जुळलेली असावीत. ती सरकली तर टोक द्वारात अडकून कडी मोडते. नव्या सिलिंडराला पहिले काही शे किमी. भार व वेग बेताचा ठेवावा.

चाके व ब्रेक : येथे एका धोक्याकडे विशेष लक्ष वेधणे अवश्य आहे. या स्कूटरीची पत्र्याची रिम दोन अर्धांची असून ते नटबोल्टांनी जोडलेले असतात. चाक स्कूटरीवरून काढण्याचे नट वेगळे व रिमचे दोन अर्ध जोडणारे नट वेगळे. टायरमध्ये हवा असताना हे दुसरे नट सोडविल्यास अर्धे भाग उडून गंभीर इजा होते. कोणताही नट सोडविण्यापूर्वी हवा पूर्ण काढावी, व्हॉल्व्हची सुई काढून ठेवावी, आणि हवा भरताना रिमचे सर्व नट पक्के आहेत हे पाहावे. गंजून पातळ झालेली रिम रंग देऊन वापरू नये. मागच्या ड्रमाचा मधला नट पक्का आवळून त्यात सुरक्षा-पिन घातलीच पाहिजे; तो ढिला राहिल्यास ड्रमाचे खाचे थोड्याच दिवसांत घासून जातात.

जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टस असण्याचा संभव असतो. ड्रमातील भुकटी फुंकून उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बंद करावे.

पत्रा व रंग : पत्र्याच्या सांगाड्यात गंज बाहेरून दिसण्यापूर्वी आत पसरलेला असतो. पाय ठेवण्याच्या तळाच्या खालची आडवी पट्टी, स्टँडचे बोल्ट आणि रबरी पट्ट्यांखालील जागा तपासाव्यात. बोटाने दाबून पत्रा लवत असेल, तर तेवढा भाग कापून त्याच जाडीचा पत्रा झाळावा. भोकांवर लांबी भरून रंग देणे हा बाजारातला सार्वत्रिक प्रकार आहे व तो वर्षभरात उघडा पडतो. परदेशांतील संग्राहकांस विकण्यासाठी आशियात अशाच रीतीने सजविलेल्या, कधी दोन अपघातग्रस्त सांगाडे जोडून केलेल्या स्कूटरींनी या व्यवसायास दुर्लौकिक मिळवून दिला आहे. याउलट जागोजाग ओरखडे असूनही मूळ रंग शाबूत असेल, तर तो ठेवणेच श्रेयस्कर. कारखान्याचा रंग एकदाच लागतो.

सुट्या भागांसाठी पुण्यातील नाना पेठ व मंगळवार पेठेतील जुना बाजार, मुंबईतील चोर बाजार ही ठिकाणे उपयोगी पडतात. नवीन नकली भागापेक्षा जुना, वापरलेला पण मूळ भाग पुष्कळदा सरस असतो. ऑइल सीले, रबरे, केबली व टायर मात्र नेहमी नवेच घ्यावेत, कारण त्यांचे वय वापराने नव्हे तर काळाने वाढते.

नोंदणी : भारतात खाजगी दुचाकीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते व पुढे वाहनाची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी नूतनीकृत होते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटारवाहन नियमांत सुधारणा होऊन ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ असा स्वतंत्र वर्ग करण्यात आला. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात व नोंदणी १० वर्षांसाठी असते. मात्र असे वाहन प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या वाहनांची फेरी, तसेच इंधन भरणे व देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या ये-जा करण्यास ते वापरता येत नाही. ज्यास आपली स्कूटर मंडईपर्यंत न्यावयाची आहे, त्याने हा फरक लक्षात घेऊन नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण करणे सोयीचे ठरते. दोन्ही बाबतींत तपासणी-अधिकारी प्रथम सांगाड्यावरील क्रमांक वाचून पाहतो.